विश्लेषण : वैशाखातले पान, भाद्रपदातले पान… किनाऱ्यावरील औषधी वनस्पतींचे गुण ऋतू आणि जागेनुसार का बदलतात?

गुडघे धरले की मारांडीची पाने गरम करून शेकायची, हा कोकण आणि गोव्यातील खाडीकाठचा जुना उपाय. मारांडी म्हणजे खाजणात वाढणारे, काटेरी पानांचे आणि जांभळट फुलांचे झुडूप. पाने तोडताना ती कोणत्या महिन्यात तोडली, खाडीच्या तोंडाशी तोडली की आत गोड्या पाण्याजवळ, याचा विचार फारसा कोणी करत नाही. बाजारात चूर्णाची डबी विकत घेणारा तर नाहीच नाही. मात्र वनस्पतीच्या नावाइतकेच महत्त्व ती कुठे आणि केव्हा तोडली याला आहे, हे वनस्पतिरसायनशास्त्राने दाखवून दिले आहे. एकाच झाडाच्या पानात एखादे द्रव्य उन्हाळ्यात भरपूर आणि पावसाळ्यात नावापुरते असू शकते. हे का होते आणि ते औषध घेणाऱ्यासाठी महत्त्वाचे का आहे?

वनस्पतीत औषधी द्रव्ये असतातच कशाला?

आपल्या सोयीसाठी तर नक्कीच नाहीत. साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ ही झाडाची रोजची शिदोरी. त्यावर ते जगते आणि वाढते. त्याखेरीज झाड अशी हजारो रसायने तयार करते, ज्यांचा वाढीशी थेट संबंध नसतो. टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अल्कलॉइड, टर्पिनॉइड ही त्यांची काही कुळे. शास्त्रज्ञ त्यांना ‘दुय्यम’ रसायने म्हणतात, पण झाडाच्या दृष्टीने ती अजिबात दुय्यम नाहीत. किडा पान खायला आला तर झाडाला पळता येत नाही. ऊन वाढले तर सावलीत जाता येत नाही. मग कडू, तुरट, विषारी किंवा ऊन अडवणारी रसायने बनवूनच त्याला स्वतःचा बचाव करावा लागतो. आवळ्याचा तुरटपणा आणि कडुनिंबाचा कडूपणा हे याच शस्त्रागाराचे नमुने. माणसाने त्यातली काही शस्त्रे औषध म्हणून उसनी घेतली, इतकेच.

ही रसायने बनवायला झाडाला ऊर्जा आणि कच्चा माल खर्च करावा लागतो. म्हणून ती सदासर्वकाळ सारख्या प्रमाणात बनवली जात नाहीत. संकट आले की उत्पादन वाढते, दिवस बरे असले की तोच माल नवी पाने आणि फांद्या करण्याकडे वळतो. ऋतू आणि जागा यांचा सगळा खेळ या हिशेबात आहे.

किनाऱ्यावरच्या झाडांची गोष्ट वेगळी कशी?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आंबा किंवा भात अशा पाण्यावर काही दिवसांत मरेल. खाऱ्या मातीत पाणी असूनही ते मुळांना ओढून घेता येत नाही, आणि ओढलेच तर त्यासोबत येणारे मीठ पेशींना बाधते. म्हणजे चहूकडे पाणी असूनही झाडाची अवस्था दुष्काळातल्यासारखी. त्यात वरून ऊन, वाळूवरून परावर्तित होणारा उजेड, खारे वारे आणि खाडीत असेल तर प्राणवायू नसलेला काळा चिखल.

यावर प्रत्येकाने आपापला मार्ग काढला आहे. कांदळाची मुळे पाणी आत घेतानाच बहुतांश मीठ गाळून बाहेर ठेवतात. तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर बोट फिरवले तर मिठाचे बारीक कण हाताला लागतात. मारांडीकडेही अशा ग्रंथी आहेत. वाळूत आणि खाजणाच्या कडेला पसरणारी, घोळीच्या भाजीसारखी मांसल पानांची धापा (सेसुव्हियम) मीठ बाहेर टाकत नाही. ती ते पानांतल्या पेशींच्या पोकळ्यांत कोंडून ठेवते आणि पाण्याने फुगवून सौम्य करते.

एवढे करूनही पेशींवर ताण येतोच. पाणी वाचवण्यासाठी पानाची रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येणे कमी होते, पण ऊन तर पडतच असते. पकडलेल्या प्रकाशाची ऊर्जा वापरली न गेल्याने पेशीत प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. ती पेशीची आवरणे आणि प्रथिने जाळत सुटतात. त्यांना शांत करायला झाड पॉलिफेनॉल गटातली रसायने वाढवते. ‘अँटिऑक्सिडंट’ हा जाहिरातींनी घासून गुळगुळीत केलेला शब्द मुळात इथला आहे. यातली काही फ्लॅव्होनॉइड पानाच्या वरच्या सालीत साठून अतिनील किरणे अडवतात. पेशीतले पाणी टिकवण्यासाठी धापा प्रोलिन साठवते, तर तिवर ग्लायसिन बीटेन. धापावर पुणे विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी बरेच काम केले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कांदळवनांची शरीरक्रिया हा कित्येक दशके अभ्यासाचा विषय राहिला आहे. समुद्र नसलेल्या कोल्हापुरात हे काम व्हावे याची गंमत वाटते, पण घाट उतरला की कोकणच!

उन्हाळा आणि पावसाळा यांत नेमके काय बदलते?

कोकणात हा फरक फार ठळक आहे, कारण वर्षभराचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्यात नद्या आटलेल्या असतात, भरतीचे पाणी खाडीत आतपर्यंत शिरते आणि उधाणाच्या भरतीलाच भिजणाऱ्या खाजणात बाष्पीभवनामुळे मातीतले मीठ समुद्राहूनही वाढू शकते. आभाळ निरभ्र आणि ऊन कडक. जुलैत त्याच जागी नदीचे लाल पाणी वाहते. वरच्या थरातले पाणी इतके गोडे होते की त्याला खाडी म्हणावे की नदी, असा प्रश्न पडावा. आभाळ दिवसचे दिवस झाकलेले, अतिनील किरणे कमी आणि घाटावरून वाहून आलेल्या गाळातून खतपाणीही मिळालेले.

झाडासाठी हे जणू दोन वेगळे देश आहेत. मे महिन्यात बचाव महत्त्वाचा, जुलैत वाढ. म्हणूनच खारफुटी आणि इतर क्षारप्रेमी वनस्पतींच्या अनेक अभ्यासांत एकूण पॉलिफेनॉलचे प्रमाण कोरड्या, कडक उन्हाच्या काळात जास्त आणि ओल्या काळात कमी असा कल दिसतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. नवी पाने भराभर फुटतात, पानात पाणी जास्त असते, त्यामुळे असलेले द्रव्यही विखुरले जाते.

मात्र इथे एक मेख आहे. ऋतू बदलतो तेव्हा पानाचे वयही बदललेले असते. मे महिन्यात तोडलेले पान जून, राठ झालेले असेल आणि ऑगस्टमधले कोवळे. कोवळी पाने किड्यांना आवडतात म्हणून काही झाडे त्यांच्यात संरक्षक रसायने जास्त भरतात. काहींत टॅनिन पानाच्या वयाबरोबर साठत जाते. त्यात फुलोऱ्याची भर. फुले आणि फळे येऊ लागली की झाड आपला माल पानांकडून तिकडे वळवते. त्यामुळे ‘उन्हाळ्यात द्रव्य वाढले’ असे म्हणताना उन्हामुळे वाढले, मिठामुळे, वयामुळे की फुलोऱ्यामुळे, हे वेगळे करणे सोपे नसते. ज्या अभ्यासात त्याच झाडाची, त्याच वयाची, त्याच उंचीवरची पाने दर महिन्याला तपासली आहेत, त्याच्या निष्कर्षावर भरवसा ठेवावा. एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये पिशवीभर पाने आणून केलेल्या तपासणीवर नाही.

एकाच किनाऱ्यावर दोन जागी वेगळे गुण?

होय. त्यासाठी फार लांब जायला नको. एखाद्या खाडीच्या मुखापासून आत चालत गेले की काही किलोमीटरमध्ये पाण्याचा खारटपणा उतरत जातो. मुखाशी उगवलेली मारांडी आणि आत गोड्या पाण्याच्या सीमेवरची मारांडी एकाच जातीची असली तरी दोघींचे रोजचे जगणे वेगळे आहे. एक दिवसातून दोनदा भरतीत बुडते, दुसरी क्वचित. पुळणीवर पसरणारी मर्यादवेल घ्या. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून मर्यादवेल. भरतीरेषेजवळचा तिचा शेंडा तापलेल्या वाळूवर खारे तुषार झेलत असतो, आणि मागे सुरूच्या किंवा केवड्याच्या सावलीत गेलेली वेल निवांत असते. या वेलीचा अर्क थायलंडमध्ये जेलीफिशच्या दंशावर वापरला जातो आणि त्यातली स्नायूंचा ताण सैल करणारी द्रव्ये तिथल्या संशोधकांनी वेगळी काढली आहेत. आपल्या पुळणीवरच्या वेलीत ती तितकीच असतील, असे नुसत्या नावावरून म्हणता येत नाही.

जागेचा परिणाम दोन प्रकारांनी होतो आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला प्रकार म्हणजे त्या त्या वेळचा प्रतिसाद. ताण आला, रसायन वाढले. ताण गेला, उतरले. दुसरा प्रकार पिढ्यानपिढ्यांचा आहे. कोरड्या, खाऱ्या जागी शेकडो पिढ्या काढलेली झाडे जन्मतःच वेगळी घडलेली असतात. ट्युनिशियातल्या संशोधकांनी भूमध्य समुद्राच्या वाळूत वाढणाऱ्या काकिले मारिटिमा या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतीवर हे तपासले. एक बी दक्षिणेकडच्या रुक्ष जेर्बा बेटावरचे, दुसरे उत्तरेकडच्या पावसाळी ताबार्काचे. दोन्ही रोपे सारख्याच परिस्थितीत, सारखेच खारे पाणी देऊन वाढवली. जेर्बाच्या रोपांनी मीठ चांगले सोसले आणि त्यांच्या पानांत पॉलिफेनॉलही जास्त आढळले. म्हणजे परिस्थिती बदलली तरी माहेरचा वारसा सुटला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचे उदाहरण गोखरूचे. रेताड, पडीक जमिनीवर, समुद्राकाठीही उगवणारी ही काटेरी फळांची वनस्पती. शक्तिवर्धक म्हणून तिच्या गोळ्या जगभर विकल्या जातात आणि त्यांची कीर्ती मुख्यतः ‘प्रोटोडायोसिन’ या द्रव्यावर उभी आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांतल्या गोखरूची तुलना करण्यात आली. बल्गेरिया, तुर्कस्तान, ग्रीस या पट्ट्यातल्या नमुन्यांची रासायनिक ओळख एकमेकांसारखी निघाली. भारत आणि व्हिएतनामच्या नमुन्यांची मात्र पूर्णपणे निराळी होती. त्या पट्ट्यातल्या नमुन्यांत असलेली काही द्रव्ये त्यांत सापडलीच नाहीत, उलट ट्रिब्युलोसिन नावाचे दुसरे द्रव्य भरपूर होते. याचा अर्थ भारतीय गोखरू निकस असा मुळीच नाही. आयुर्वेदाने त्याचे जे गुण सांगितले ते इथल्या गोखरूचे सांगितले. पण बल्गेरियन गोखरूवर झालेल्या प्रयोगाचा दाखला देऊन इथल्या मातीतली फळे विकणे हे नुसत्या नावावर खपवणे झाले.

मग जितका ताण जास्त तितके औषध जास्त?

समाजमाध्यमांवर फिरणारा निष्कर्ष हाच असतो. तो चुकीचा आहे. ताणालाही मर्यादा असते. ती ओलांडली की झाडाची वाढ तर थांबतेच, रसायने बनवायलाही कच्चा माल उरत नाही. शेतीच्या दृष्टीने साधा हिशेब करून पाहा. समजा, एका रोपापासून १०० ग्रॅम सुकी पाने मिळतात आणि त्यांत हवे ते द्रव्य २ टक्के आहे. म्हणजे २ ग्रॅम. खारे पाणी देऊन ते प्रमाण ३ टक्क्यांवर नेले, पण रोप खुरटून पाने ५० ग्रॅमच मिळाली, तर हाती आले दीड ग्रॅम. टक्का वाढला आणि माल घटला. औषध घेणाऱ्याला टक्का महत्त्वाचा, पिकवणाऱ्याला एकूण माल. दोघांचा सर्वोत्तम महिना एकच असेल असे नाही.

शिवाय सगळी रसायने एका दिशेने जात नाहीत. टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड कार्बनवर चालतात. अल्कलॉइड बनवायला नायट्रोजन लागतो, त्यामुळे निकस वाळूत टॅनिन वाढते म्हणून अल्कलॉइडही वाढेल असे गृहीत धरता येत नाही. सदाफुलीवरून हे कळते. दारातली ही साधी फुले मूळची मादागास्करच्या किनारी भागातली, आता आपल्या किनाऱ्यावरही रुळलेली. रक्ताच्या आणि इतर कर्करोगांवर वापरली जाणारी व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधे तिच्या पानांतून मिळतात. मिळतात म्हणजे किती? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी साधारण ५०० किलो सुकी पाने लागतात. ज्या द्रव्याचे प्रमाण इतके सूक्ष्म, तिथे ऋतूमुळे होणारा थोडासा चढउतारही कारखान्याला जाणवतो. त्यात सदाफुलीची गंमत अशी की, पाणी तोडले की तिच्या मुळांत अजमालिसिन हे वेगळेच अल्कलॉइड वाढते, तर पानांतल्या व्हिन्डोलिनच्या शेवटच्या पायऱ्यांना उजेड लागतो. म्हणजे ‘सदाफुली केव्हा तोडावी’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा प्रतिप्रश्न आधी विचारावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. प्रयोगशाळेत ‘एकूण पॉलिफेनॉल’ किंवा अँटिऑक्सिडंट क्षमता मोजण्याच्या सोप्या पद्धती आहेत. त्यातल्या एकीत जांभळे द्रावण पिवळे पडते आणि जितके लवकर पडेल तितका अर्क ‘शक्तिशाली’. हे मोजमाप उपयोगी आहे, पण परीक्षानळीत रंग बदलला म्हणजे माणसाचा आजार बरा झाला असे नव्हे. किनाऱ्यावरच्या वनस्पतींविषयीच्या बातम्यांत (आमच्यासकट) हा फरक बऱ्याचदा पुसला जातो.

जुन्या ग्रंथांनी याचा विचार केला होता?

केला होता, आणि चांगला नेमका. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे गोळा करण्याचे वेळापत्रकच आहे. कोवळ्या फांद्या आणि पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, खोडाचा गाभा हेमंतात, फुले आणि फळे त्यांच्या त्यांच्या हंगामात. सगळ्या भागांना एकच महिना दिलेला नाही, ही त्यातली खरी समज. जागेविषयीही सूचना आहेत. औषधी घ्यायची ती स्निग्ध, काळ्या, गोड मातीतली. टाळायच्या जागांच्या यादीत स्मशान, वारूळ यांच्या जोडीला ‘ऊषर’ म्हणजे खारवट जमीनही आहे.

आता खाडीकाठच्या वनस्पतींचे काय करायचे? त्यांना तर खारवट जमिनीखेरीज घरच नाही. मुख्यतः उत्तरेकडच्या मैदानातल्या अनुभवावर उभे राहिलेले हे नियम मारांडीला किंवा तिवराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. कोकणातल्या वैदूंनी आणि मच्छीमारांनी आपल्या अनुभवाने वेगळे ठोकताळे बसवले असणार. ते महिना आणि जागेसकट नोंदवून ठेवले तर प्रयोगशाळेला तपासायला आयता धागा मिळेल. नुसती ‘अमुक वनस्पती, तमुक रोग’ अशी यादी करून ते हाती लागत नाही.

ऋतू आणि जागा नोंदवण्याने काय साधते हे चीनने जगाला दाखवले. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन ज्या वनस्पतीतून मिळाले, तिच्यावर तू यूयू यांच्या गटाने काम सुरू केले तेव्हा बीजिंग परिसरातल्या झाडांत हे द्रव्य फारच थोडे होते. सिच्वान प्रांतातल्या त्याच जातीच्या झाडांत ते पुरेसे मिळाले, तेही पानांतच आणि फुलोऱ्याच्या आधीच्या अवस्थेत. वनस्पती तीच. जागा, भाग आणि वेळ यांतली एखादी गोष्ट चुकली असती तर ‘यात काही अर्थ नाही’ म्हणून तिची फाइल बंद झाली असती. त्या कामासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले.

जागेमुळे फक्त चांगलेच द्रव्य वाढते?

नाही, आणि खाडीकाठच्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा. मुळे ज्या चिखलात आहेत त्यात जे असेल ते झाडात येऊ शकते. ठाणे, उल्हास यांसारख्या खाड्यांनी औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेतले आहे. धापासारखी वनस्पती जड धातू इतके शोषते की दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी तिचा वापर करता येईल का, यावर संशोधन झाले आहे. जी वनस्पती जमीन धुऊन काढते, ती तिथून खुडून भाजीत किंवा काढ्यात घालणे शहाणपणाचे नाही. स्वच्छ जागेवरची असली तरी तिच्यातले मीठ रक्तदाबाच्या रुग्णाने विसरू नये.

खाडीत गेवा नावाचे झाडही आहे. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरते अंधत्व येऊ शकते. लोकवैद्यकात त्याचेही उपयोग सांगितले जातात, पण इथे घरगुती प्रयोगाला जागा नाही. आणि तिवर, कांदळ यांची तोड करून औषध मिळवण्याचा विचार तर कायद्यानेही करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरात कांदळवनांची तोड करण्यास मनाई केली असून त्यांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असल्याचे म्हटले आहे. मारांडीची चार पाने शेकायला नेणे आणि पोती भरून व्यापाऱ्याला देणे यांतला फरक गावात सगळ्यांना कळतो.

डबीवर हे काही लिहिलेले असते का?

सहसा नाही. वनस्पतीचे नाव, वजन, तयार केल्याची तारीख असते. ही तारीख कारखान्यातली, तोडणीची नाही. पाने कुठल्या जिल्ह्यातली, कुठल्या महिन्यातली, हे बहुतेकदा उत्पादकालाही ठाऊक नसते, कारण माल चार हातांतून फिरत आलेला असतो. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात कच्च्या मालासाठी कसोट्या आहेत. राख किती उरते, पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा अंश किती, भेसळ किती. त्या गरजेच्या आहेत, पण एकूण विरघळणारा अंश सारखा असूनही त्यातले विशिष्ट द्रव्य दुप्पट किंवा निम्मे असू शकते. किनाऱ्यावरच्या वनस्पतींत तर मिठामुळे राखच मुळात जास्त भरते आणि वाळू नीट झटकली नसेल तर आणखी.

रुग्णापुरता याचा अर्थ असा की, रोज तोच चमचाभर चूर्ण घेऊनही दोन डब्यांतून त्याच्या पोटात जाणारी मात्रा वेगळी असू शकते. एका खेपेला गुण आला आणि दुसऱ्या खेपेला नाही, तर दोष वैद्याचा की औषधाचा यावर वाद होतो. पान कोणत्या महिन्यातले, हे कोणी विचारत नाही. जो रुग्ण सोबत रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतो, त्याच्यासाठी अशी कमी-जास्त मात्रा निव्वळ गैरसोय राहत नाही, धोकाही होऊ शकते.

यावरचे उपाय कागदावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींची लागवड आणि संकलन कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ठिकाण, तारीख, हंगाम आणि वनस्पतीचा भाग यांची नोंद ठेवणे हा त्यांचा गाभा आहे. आपल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानेही त्याच धर्तीवर सूचना केल्या आहेत. अडचण पैशाची आहे. नीट वेळ साधून, सावलीत सुकवून, नोंद ठेवून आणलेल्या पानांना आणि वाटेल तेव्हा ओरबाडून आणलेल्या पानांना व्यापारी एकच भाव देणार असेल, तर गोळा करणाऱ्याने ही उठाठेव का करावी? सुकवण्याचा प्रश्नही लहान नाही. कोकणात जुलैच्या दमट हवेत पसरलेली पाने सुकण्याआधी बुरसतात. त्या बुरशीतून तयार होणारी विषे वेगळी. त्यामुळे एखादे द्रव्य पावसाळ्यात जास्त असले तरी तेव्हा तोडणी करणे व्यवहारात परवडत नाही.

पावसाचेच वेळापत्रक बदलले तर?

पानातल्या रसायनांना पंचांग कळत नाही. त्यांना ऊन, मीठ आणि पाणी कळते. त्यामुळे ‘अमुक महिन्यात तोडा’ हा सल्ला पाऊस वेळेवर येतो या गृहीतावर उभा असतो. त्याऐवजी शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले, खाडीच्या पाण्याचा खारटपणा किती, झाड कळीवर आहे की फळावर, या खुणा धरून तोडणी ठरवणे जास्त भरवशाचे. खारटपणा मोजणारे साधे हातातले उपकरण कोळंबी शेती करणाऱ्यांकडे असतेच.

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २५ मे रोजी देवगडपर्यंत आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. पंचांगात वैशाख अजून संपायचा होता, आणि वैशाखात तोडायची म्हणून राखून ठेवलेली पाने तोवर पावसात भिजत होती.